छपराचा इतिहास आणि गावकुसाबाहेरचा उन्हाळा

मराठवाड्यातील वाड्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. चौकटीवरील नक्षी, तुळयांचे सागवान, चौकातला हौद यांची वर्णने आपण वाचत आलो. जाड भिंतींमुळे वाडा वैशाखातही गार राहतो, हेही कौतुकाने सांगितले जाते. हा गारवा गावात कोणाच्या वाट्याला आला, हे मात्र क्वचितच विचारले गेले.

जालना शहर २० अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि एकमजली घरात उष्णता मुख्यतः वरून उतरते. माळवद हे त्यावरचे जुने उत्तर. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या-काटक्या, पालापाचोळा आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचे ऊन ह्या थरातून खाली पोहोचेपर्यंत रात्र होते. तोवर बाहेरची हवा निवलेली असते.

पण माळवदाला लाकूड लागते आणि माती लागते. शेतातली काळी माती चालत नाही. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. लागते ती पांढरी, म्हणजे गावठाणाची माती. गावाच्या वस्तीलाच ‘पांढरी’ म्हणतात, आणि त्या पांढरीबाहेर आमचे वाडे होते. गावकुसाची डागडुजी हे महारांच्या गावकीतले एक काम. त्या कुसाच्या आत राहण्याचा अधिकार मात्र नव्हता. बाबासाहेबांनी खेड्यातील अस्पृश्यांवर लादलेल्या नियमांची जी जंत्री दिली आहे, तिच्यात कौलारू घर बांधणे हा गुन्हा मानला जाई, अशी नोंद आहे. छप्पर हा केवळ ऐपतीचा प्रश्न नव्हता, हे यावरून स्पष्ट व्हावे.

गवताचे छप्पर पत्र्यापेक्षा गार असते, हे खरे. परंतु ते एका काडीने पेटते. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. पत्रा जळत नाही, गळत नाही, दरसाल शाकारावा लागत नाही. म्हणून पत्र्याकडे वळणे हा अडाणीपणा नव्हता. तो विचारपूर्वक केलेला सौदा होता. त्याची किंमत उन्हाळ्यात द्यावी लागते. पातळ पत्रा ऊन क्षणभरही थोपवत नाही. तो तापतो आणि खाली बसलेल्या माणसावर ती उष्णता ओततो. माझे कित्येक विद्यार्थी उन्हाळी परीक्षांचा अभ्यास अशा पत्र्याखाली करतात.

‘मातीच्या घरांकडे परत चला’ असे हल्ली काही वास्तुविशारद सांगतात. त्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवून द्यावी लागेल. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादेत सुमारे ८ हजार माणसे मेली, ती बहुतांशी दगडमातीच्या भिंती आणि माळवदांचे ओझे अंगावर कोसळून. त्या माळवदाचा गोडवा गाताना जरा जपून गावे.

मग आला स्लॅब. बांधकामाची सळई बनवणाऱ्या जालन्यात त्याचे अप्रूप असणे साहजिकच. स्लॅब भक्कम, प्रतिष्ठेचा. पण चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत घरात उष्णता सोडत राहतो. पुरुष अंगणात खाट टाकतात. बायका आणि वयात आलेल्या मुली आतच झोपतात.

केंद्र सरकारने २०१८ साली ‘इको निवास संहिता’ काढली. घराच्या भिंती-छपरांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिच्यात आहे. छपरासाठी ती प्रत्येक चौरस मीटरला, आत-बाहेरच्या एका अंशाच्या फरकामागे, १.२ वॅट. उघड्या पत्र्यातून याच्या कितीतरी पट उष्णता येते. शास्त्र चोख आहे. पण संहिता लागू होते ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी बांधकामाला. २०१६ साली ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र ठरले २५ चौरस मीटर. अशी वीस घरकुले त्या एका भूखंडात मावतील. हेतू वीजबचतीचा, आणि ज्या घरात एक पंखा आहे, तिथे वाचवायला वीज कुठली? तिथला उन्हाळा विजेच्या बिलात उतरत नाही, तो अंगावर निघतो. पत्र्यावर वा स्लॅबवर दर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात दिला, तरी बरेचसे ऊन परत फेकले जाते. घरकुलाच्या अंदाजपत्रकात ह्या चुन्यासाठी एक ओळ घालावी, ही मागणी आता वस्त्यांमधून ग्रामसभेत यायला हवी.