चोपण, गायरान आणि आमची शेरडे

नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास खेळू लागले. पश्चिम महाराष्ट्राच्या इतिहासात ही घटना नेहमी उसाच्या गोडीने सांगितली जाते. तिची खारट बाजू सांगणारे थोडे.

खोऱ्यातल्या काळ्या, चिकण जमिनीला निचरा नव्हता. कालव्याचा पाझर आणि उसाला दिलेले अमाप पाणी यांमुळे जमिनीतील पाणी वर चढले. ते उन्हाने उडून गेले आणि मीठ मागे राहिले. पुढे सोडियमने मातीची छिद्रे बुजवली. पावसात चिखल आणि उन्हाळ्यात दगड, अशी शेते चोपण झाली. पाणी सुटून पंचवीस वर्षे होतात न होतात तोच, १९१० साली, हॅरल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातील खारजमिनींवर सरकारी पुस्तिका लिहावी लागली.

जमीन बिघडली ती बागायतीने. पण बिघडलेल्या जमिनीवर पोट भरण्याची पाळी कोणावर आली? माझा आजा बागायतदाराने टाकून दिलेल्या चोपणात शेरडे वळत असे. मालक 'चार' म्हणेल तोवर चारायचे, 'नीघ' म्हणाला की निघायचे. त्यामुळे आज मिळेल ते आज चारून घ्यावे, हीच त्याची रीत झाली. मग गाव म्हणे, यांच्या शेरडांनी रान उजाड केले!

या आरोपात अर्धे सत्य आहे, म्हणून तो तपासला पाहिजे. चोपण उघडे पडले की उन्हाने ओल अधिक उडते आणि मीठ अधिक वर येते. ओल्या रानात जनावर घातले तर खुरांनी माती आणखी दबते. उलट हरळीसारखे खार सोसणारे गवत टिकले, तर जमिनीवर सावली राहते. गवताच्या मुळांच्या श्वासातून निघणाऱ्या वायूने मातीतील चुनखडी विरघळते, तिच्यातील कॅल्शियम सोडियमला हुसकावते, आणि निचऱ्याचे चर असतील तर पावसाचे पाणी ते धुऊन नेते. १९६९ साली स्थापन झालेल्या कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने अशी गवते लावून जमीन सुधारण्याचे प्रयोग केले आहेत.

तेव्हा उपाय गूढ नाही. पावसाळ्यात रान राखावे. त्याचे तुकडे पाडून आळीपाळीने चारावे. बुडखा राहील एवढे गवत सोडावे. खारवट चाऱ्याने जनावराची तहान वाढते, म्हणून गोडे पाणी जवळ असावे. पण रान राखणे म्हणजे आजचा घास उद्यावर टाकणे. उद्या ते रान आपल्याच हाती राहील याची खात्री ज्याला नाही, त्याने ते कोणाच्या भरवशावर राखावे? माझ्या आजाला गवत कळत होते. त्याच्याकडे हक्क नव्हता.

हा हक्काचा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ साली वतनाच्या विधेयकातून कायदेमंडळात नेला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांतून तो रस्त्यावर आणला. पडीक आणि गायरान जमीन भूमिहीनांना द्या, ही ती मागणी. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वी भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याची वाट काढली. पण सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी आमच्या माणसांना कचेरीचे उंबरठे झिजवावे लागले.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही त्याच निकालात आहे. आदेश सर्वांना पाठ आहे. अपवाद मात्र आमच्या कार्यकर्त्यांनीच वाचून दाखवावा लागतो.

गायरान वाचले पाहिजे, हे मला मान्य आहे. गुरे-शेरडे आमचीही आहेत. परंतु गायरान राखायचे असेल तर राखणाऱ्याचे नाव कागदावर लागले पाहिजे, आणि चराईचे नियम ठरवणाऱ्या बैठकीत गावकुसाबाहेरचा माणूस बरोबरीने बसला पाहिजे. चोपणातले मीठ चराने आणि गवताने उतरेल. गावाच्या मनातले मीठ उतरवायला हक्काचा कागदच लागेल. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या गायरानाचा उतारा काढून पाहावा. इतिहासाचे काम तिथून सुरू होते.