बारदेशचे मीठ आणि शिवकालीन जकातनीती

प्रस्तावना :
परकीय व्यापारी आणि स्थानिक सत्ताधीश यांच्यातील खनिजविषयक संघर्ष इतिहासात वारंवार आढळतात. चीनमध्ये १९३० च्या दशकात ग्वांगडोंग प्रांताचा सेनाधिपती चेन जिटांग याने टंगस्टनच्या निर्यातीवर ताबा ठेवला होता. जर्मन व्यापाऱ्यांनी त्याच्याशी परस्पर व्यवहार केल्याने नानजिंगच्या मध्यवर्ती सरकारशी वाद उद्भवला. महाराष्ट्रात मिठासारख्या खनिज द्रव्यावरून असाच एक संघर्ष सतराव्या शतकात घडला. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
लोणी काळभोरसारख्या देशावरील गावांत मीठ पिकत नाही. ते कोकणातील मिठागरांतून बैलांच्या पाठीवर घाट चढून येत असे. त्यामुळे घाटवाटांवरील जकात हे राज्याचे महत्त्वाचे साधन होते. इ.स. १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कुडाळ प्रांत घेतला आणि स्वराज्याची हद्द पोर्तुगीजांच्या बारदेशाला भिडली. स्वराज्याला विरोध करणाऱ्या देसायांना बारदेशात आश्रय मिळत असल्याने नोव्हेंबर १६६७ मध्ये महाराजांनी बारदेशवर स्वारी केली. डिसेंबरमध्ये उभय पक्षांत तह झाला. परंतु व्यापारातील स्पर्धा कायम राहिली.

जकातीची आज्ञा :
बारदेशचे मीठ स्वस्त पडत असल्याने उदमी तेथेच खरेदी करून कुडाळमार्गे घाटावर जात. परिणामी प्रभावळी मामल्यातील संगमेश्वरच्या मिठाचा उठाव कमी होऊ लागला. यावर महाराजांनी ७ डिसेंबर १६७१ रोजी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र पाठविले. बारदेशचे मीठ संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल, अशा बेताने त्यावर जबर जकात बसवावी, असा त्याचा आशय आहे. येथे खजिन्यात भर घालणे हा मुख्य हेतू दिसत नाही. उदमी पुन्हा स्वराज्याच्या बंदराकडे वळावेत, हा हेतू स्पष्ट होतो. म्हणजेच ही जकात आधुनिक अर्थाने संरक्षक कर होय.

मूल्यमापन :
चेन जिटांगच्या दृष्टीने टंगस्टन हे लष्कर पोसण्याचे साधन होते. महाराजांच्या आज्ञेत मात्र बंदर, उदमी आणि मिठागरे यांचा एकत्रित विचार आढळतो. तथापि या धोरणाला दुसरी बाजूही आहे. स्वस्त मीठ महाग झाले म्हणजे त्याचा भार अखेरीस घाटावरील रयतेवरच पडणार होता. उत्पादकाचे रक्षण करताना ग्राहकाला किंमत मोजावी लागते, हा पेच आजच्या आयात करांतही कायम आहे.

निष्कर्ष :
परकीय व्यापाऱ्यांना अशा निर्बंधांत केवळ स्थानिक सरदाराची आडकाठी दिसत असे. उपरोक्त पत्र पाहता त्यामागे विचारपूर्वक आखलेली अर्थनीती होती, असे म्हणावे लागते. युद्धाने न सुटलेला प्रश्न जकातीच्या दराने सोडविण्याचा हा प्रयत्न होता. म्हणून लढाया आणि तह यांच्याबरोबरच जकातीच्या कागदपत्रांचाही अभ्यास होणे आवश्यक आहे.