'टेक' : एका स्थलांतरित शब्दाची गोष्ट

गेल्या रविवारी आमच्या चिरंजीवांनी फोनवर आजीला सांगितले, "आजी, काल मी गणिताची परीक्षा घेतली." आजी म्हणाली, "अरे वा! मास्तर कधी झालास?" मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो, घेतात ते गुरुजी. चिरंजीव इंग्रजी 'टेक' मराठीत बोलत होते!

हा 'टेक' मोठा कामसू. आपण औषध घेतो, फोटो काढतो, बस पकडतो, आंघोळ करतो. इंग्रजीत या सगळ्याला एकटा 'टेक' पुरतो. पण गंमत म्हणजे तो मूळचा इंग्रजांचा नव्हेच.

इ. स. ८६५ मध्ये डेन लोकांची मोठी फौज इंग्लंडात उतरली. ८६६ मध्ये तिने यॉर्क जिंकले. पुढे त्यातले बरेच जण तिथेच जमिनी कसून राहिले. त्यांच्या नॉर्स भाषेतले क्रियापद होते 'टाका'. त्याचाच झाला 'टेक'. (आपल्या 'टाका'शी त्याचे काही नाते नाही बरं का!)

'घेणे' यासाठी इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्द होता 'निमन'. जर्मन 'नेमेन' त्याचा सख्खा भाऊ. पण 'टेक'पुढे तो मागे पडत गेला आणि रोजच्या बोलण्यातून नाहीसा झाला. त्याची एक खूण उरली ती 'नम' या शब्दात. मूळ अर्थ 'घेतला गेलेला'. आज अर्थ बधिर.

म्हणजे घरच्यांचा शब्द गेला आणि बाहेरून आलेल्यांचा राहिला. जो शब्द रोज तोंडात असतो, तोच टिकतो. आपणही बाहेरून आलेलेच. तेव्हा मंडळी, आजीचा रविवारचा फोन चुकवू नका. आमच्याकडे आता परीक्षा 'दिली' जाते!