मोगलीची वंशावळ

इंदूरहून सिमरोळचा घाट उतरायचा, नर्मदा ओलांडायची. निमाड मागे पडला की सातपुडा लागतो. याच सातपुड्याच्या पूर्वेकडे सिवनी. मोगलीचं गाव ते.

गंमत म्हणजे मोगलीला जन्माला घालणाऱ्या रुडयार्ड किपलिंगने सिवनी पाहिलेलीच नव्हती. जन्म मुंबईचा, पण ‘जंगल बुक’ लिहिलं ते अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बसून. १८९४ साली ते प्रसिद्ध झालं. जंगलाचे बारकावे बरेचसे आर. ए. स्टर्नडेल यांच्या सिवनीवरच्या पुस्तकातले (१८७७). नदी तेवढी खरी. किपलिंगची वैनगंगा सिवनीहून पुढे आपल्या भंडाऱ्यातच येते.

तिथून पोरगं गेलं जपानला. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये त्याच्यावर ५२ भागांची मालिका काढली. टीव्हीचं बजेट बेताचं, त्यामुळे जपानी पद्धत काटकसरीची: सेकंदाला चोवीस चौकटी, पण एकेक चित्र तीन चौकटी चालवायचं; मागचं रान स्थिर, धावण्याची तीच चित्रं पुन्हा पुन्हा. ओठांच्या हालचालीही मोजक्याच. म्हणून तर त्या तोंडात कुठलीही भाषा बसते, आणि मला वाटतं, मोगली इतका सहज आपला झाला त्यात या काटकसरीचा वाटा मोठा आहे. जपान्यांनी मोगलीला किची नावाचा सवंगडीही दिला, तो चक्क लाल पांडा! हिमालयातला प्राणी सातपुड्यात काय करतो, हे कुणा मुलाने विचारलं नाही.

१९९३ च्या सुमारास दूरदर्शनने ही मालिका हिंदीत आणली. रविवारची सकाळ, ताटलीत पोहे-जिलेबी आणि समोर मोगली, हा इंदूरच्या मुलांचा थाट. शीर्षकगीत इथेच घडलं: शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज यांची. त्यातल्या ‘चड्डी’वर काहींनी नाकं मुरडली, मुलांना तर तीच हवी होती. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलणाऱ्या इथल्या मराठी पोरांनाही शेरखान हिंदीतच भेटला, पण आवाज मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. तो वाघ नुसता डरकाळत नव्हता, टोमणे मारत होता.

२०१६ मध्ये डिस्नेने संगणकावर नवा, खराखुरा भासणारा मोगलीपट काढला. हिंदी प्रेक्षकांसाठी मात्र त्यांना शेरखानच्या आवाजाकरता पुन्हा नानांकडेच यावं लागलं, आणि दूरदर्शनचं ते गाणंही भारद्वाजांकडून नव्याने करून घ्यावं लागलं.