रिमोनाबंट: एका बंदीमागचे कागद

राजपत्रातली अधिसूचना जीएसआर 884(ई), तारीख 11 डिसेंबर 2009. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26-अ खाली केंद्र सरकारने वजन घटवणाऱ्या रिमोनाबंट या गोळीचे उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केले. मुंबईच्या कारखान्याला जो हुकूम, तोच लोणार तालुक्यातल्या आमच्या सुलतानपूरच्या मेडिकलला. गोळी वाईटच असेल, असे हा कागद वाचून वाटते. मागचे कागद काढले की गोष्ट इतकी सरळ राहत नाही.

1994 साली सानोफी या औषध कंपनीच्या संशोधकांनी एसआर141716 हे संयुग जाहीर केले; तेच पुढे रिमोनाबंट. शरीर स्वतःच काही द्रव्ये बनवते. ती पेशींवरच्या सीबी1 रिसेप्टरला चिकटली की भूक वाढते. हे संयुग ती जागा अडवते. मात्र हेच रिसेप्टर मेंदूत मनाच्या तोलाशीही जोडलेले आहेत.

वजनाबरोबर शुगरवरही गुण आला, हे खरेच. 2006 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या चाचणीत टाइप 2 मधुमेहाचे 1047 रुग्ण होते. वर्षभर रोज 20 मिलिग्रॅम घेणाऱ्यांची तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए1सी, 0.6 ने उतरली; नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांची 0.1 ने चढली. वजन 5.3 किलोने घटले, दुसऱ्या गटात 1.4 किलोने. त्याच वर्षी युरोपात परवाना मिळाला. पुढे भारतीय कंपन्यांच्या गोळ्याही बाजारात आल्या.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद नोव्हेंबर 2007 चा आहे. चार चाचण्यांतल्या 4105 जणांची आकडेवारी त्यात एकत्र तपासली आहे. उदासीमुळे गोळी सोडण्याची शक्यता रिमोनाबंटवाल्यांत अडीच पट निघाली. आणि या चाचण्यांत उदास माणसांना मुळातच घेतले नव्हते! मधुमेह्यांत नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळते. म्हणजे दवाखान्याच्या बाकावर जो रुग्ण हमखास बसलेला असतो, तोच चाचणीतून वगळला होता. आकडे खोटे नव्हते, पण ते दुसऱ्याच माणसांचे होते. याचा मला आजही राग येतो.

अमेरिकेच्या सल्लागार समितीने 13 जून 2007 रोजी 14-0 मतांनी नकार दिला होता. युरोपच्या औषध संस्थेने जुलैमध्ये नैराश्याच्या रुग्णांना गोळी देऊ नका असे सांगितले आणि 23 ऑक्टोबर 2008 ला विक्री थांबवण्याची शिफारस केली. तिथून आपल्या राजपत्रापर्यंत जवळपास चौदा महिने गेले. एवढा उशीर व्हायला नको होता. तिकडचे इशारे उघड छापलेले होते.

रिमोनाबंटच्याच, मध्येच थांबवलेल्या, 18,695 जणांच्या चाचणीचा अहवाल 2010 मध्ये आला. मानसिक व मज्जासंस्थेच्या तक्रारी रिमोनाबंटवर 32 टक्क्यांना, दिखाऊ गोळीवर 21. आत्महत्या चार आणि एक.

सीबी1 चा नाद संशोधकांनी सोडलेला नाही. मेंदूत कमी शिरेल असे बेतलेले मोनलुनाबंट नोव्हो नॉर्डिस्कने चाचणीत उतरवले. सप्टेंबर 2024 च्या निकालात वजन उतरलेले दिसते. सोबत चिंता, चिडचिड आणि झोपेच्या तक्रारी, डोस वाढेल तशा जास्त.