प्रश्न नागपूरचा, प्रश्न भोपाळचा

१८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला. १९०९ मध्ये पूरक प्रश्नाचीही सोय झाली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आम्हा बोरगाव-सौसरकरांचे प्रश्न नागपूरच्या विधानसभेत जात. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले, आमची राजधानी भोपाळ झाली.

आजही तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, अतारांकिताला लेखी. पण ते उत्तर खालच्या कार्यालयातील कागदांवरून तयार होते, हे आम्ही सरकारी नोकर जाणतो. संत्र्याच्या नुकसानीचा अर्जच नोंदलेला नसेल, तर आमदाराच्या प्रश्नालाही ‘निरंक’ असेच उत्तर येते. रेल्वेचे गाऱ्हाणे मात्र खासदाराने दिल्लीत मांडायचे.

राजधानी लांब गेली, हक्क गेला नाही. आपण अर्ज लेखी द्यावा, पावती जपावी.