मगनवाडीच्या पंक्तीतले सोयाबीन

दिवाळीच्या तोंडावर वऱ्हाडातल्या वा मराठवाड्यातल्या कोणत्याही बाजारपेठेत जावे, तर सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या दिसतात. त्या पोत्यांना काय भाव मिळतो, यावर कित्येक घरांतल्या पोरांचे नवे कपडे ठरतात. मात्र या दाण्याची आपल्याकडे पहिली मोठी चर्चा झाली ती बाजारात नव्हे, जेवणाच्या पंक्तीत.

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी वर्ध्याची आपली बाग त्याला दिली, तीच मगनवाडी. गरिबाला स्वस्तात सकस अन्न कसे मिळेल, हा गांधीजींचा ध्यास होता. बडोदे संस्थानाने सोयाबीनचा पुरस्कार आरंभिलाच होता. १९३५ मध्ये मगनवाडीत ते पानांत वाढले जाऊ लागले आणि गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर लिहिले. पुढल्याच वर्षी बडोद्याच्या सरकारी छापखान्यातून एफ. एस. काळे यांचा सोयाबीनवरील इंग्रजी ग्रंथ निघाला.

पण लोकांच्या जिभेने साथ दिली नाही. हा दाणा चांगला भिजवून शिजवला नाही, तर पचत नाही आणि उग्र लागतो. चीन-जपानात त्याचे दूध काढतात, ते पनिरासारखे थिजवतात, दाणे आंबवून खातात. आपल्याकडे बी आले. ती हातोटी काही आली नाही. तुरीचे वरण आपल्या जागी अढळ राहिले.

१९६५ नंतर जबलपूर व पंतनगर येथील कृषिविद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने नवे वाण लावून पाहिले, आणि सोयाबीन पुन्हा पुढे आले. या खेपेस त्याची ओळख तेलबी म्हणून झाली. दाण्यात शेकडा सुमारे २० भाग तेल आणि ४० भाग प्रथिने. पेरल्यापासून शंभरेक दिवसांत पैसा हाती येतो, म्हणून मध्य प्रदेशामागोमाग विदर्भ-मराठवाड्याच्या शिवारांतही ते पसरले. तेल आपल्या कढईत आले. प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशी गेली.

गांधीजींना जे ताटात हवे होते, ते वर्ध्याच्या शेतांत आज उदंड पिकते. पिकवणाऱ्याच्या ताटात मात्र फारसे येत नाही. ज्वारीचा भाव पडला तर ती कणगीत भरून वर्षभर खाता येते. सोयाबीनचा भाव पडला, तर ते पडत्या भावाने विकण्यावाचून शेतकऱ्याला गत्यंतर उरत नाही. मगनवाडीचा प्रयोग अपुरा राहिला, त्याची किंमत ही अशी दर दिवाळीला मोजावी लागते.